आई बरी होणार नाही हे कळल्यावर ख्रिस्ती माणसाने आशा कशाची धरायची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्या आईला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. केमो थांबवली आहे आणि डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ असे सांगितले आहे. तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही भगिनी रोज संध्याकाळी प्रार्थनेला येतात, पण मरणाचा विषय निघाला की तुम्हाला गप्प करतात. ‘असे अविश्वासाचे बोलू नका, आई बरी झालीच आहे असे म्हणा’ असा त्यांचा आग्रह असतो. तुमचा भाऊ नेमके उलटे म्हणतो: ही सगळी मनाची समजूत आहे, जे समोर आहे ते मान्य करा. या दोघांच्या मधे तुम्ही उभ्या आहात. तुम्ही विचारता, ख्रिस्ती माणसाने अशा वेळी आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे? आणि आईने ‘मी बरी होईन का गं?’ असे विचारले तर काय सांगायचे?

मी पाळक आहे. माझ्या सेवेची बरीच वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात आणि दफनभूमीत गेली. तेव्हा पुस्तकातले आणि खाटेशेजारचे, दोन्ही सांगतो.

त्या भगिनी आणि तुमचा भाऊ यांच्यात वरवर मोठा विरोध दिसतो, पण दोघांनी आशेचा अर्थ एकच धरला आहे: आशा म्हणजे आई बरी होणे. एक बाजू म्हणते होणारच, दुसरी म्हणते होणार नाही. तेराव्या शतकातले थोर ख्रिस्ती विचारवंत थॉमस अक्विनास यांनी आशेविरुद्धची दोन पापे सांगितली आहेत. पहिले निराशा, आणि दुसरे देवाला गृहीत धरणे. दुसऱ्या पापाची आपल्या मंडळ्यांत कोणी फारशी आठवण काढत नाही, कारण ते विश्वासाचा वेष घालून येते. निराश झालेला माणूस म्हणतो, शेवट मला कळला आहे, तो वाईट आहे. गृहीत धरणारा म्हणतो, शेवट मला कळला आहे, तो माझ्या मनासारखा आहे. दोघांनाही देवाची वाट पाहायची गरज उरत नाही. अक्विनास यांच्या मते आशा ज्या गोष्टीची धरायची ती चांगली हवी, पुढे येणारी हवी, मिळायला कठीण हवी आणि तरीही शक्य हवी. यातले ‘कठीण’ वगळले की उरतो तो नुसता हट्ट, आणि ‘शक्य’ वगळले की माणूस हातपाय गाळतो.

मग ख्रिस्ती आशा उभी कशावर आहे? ती भविष्याच्या अंदाजावर उभी नाही. एका घडून गेलेल्या गोष्टीवर उभी आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे चालले आहेत. येशूला वधस्तंभावर दिले त्याचा तिसरा दिवस. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत येतो आणि कसले बोलणे चालले आहे असे विचारतो. ते म्हणतात, इस्राएलाची मुक्तता करणारा तो हाच अशी आमची आशा होती. ‘होती’. बायबलमधले हे मला सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. रिपोर्ट हातात घेऊन ओपीडीतून बाहेर पडणारी माणसे याच काळात बोलतात: आम्हाला वाटले होते, आम्ही धरून चाललो होतो. तो अनोळखी माणूस म्हणजे उठलेला येशूच, पण ते त्याला ओळखत नाहीत. येशू त्यांना ‘विश्वास धरा, असे बोलू नका’ म्हणून थांबवत नाही. तो त्यांना सगळे बोलू देतो. मग शास्त्र उलगडून सांगतो, त्यांच्या घरी जातो, भाकर मोडतो, तेव्हा त्यांचे डोळे उघडतात. त्यांनी जी आशा धरली होती ती खरोखरच मेली होती. रोमी सत्ता काही त्या आठवड्यात उलथली नाही. पण ज्याच्यावर आशा ठेवली होती तो जिवंत होता. ख्रिस्ती आशा इथून सुरू होते.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात हे अगदी उघड मांडले आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, आणि सगळ्या माणसांत आम्ही अधिक कींव करण्यासारखे. भावाला हे जरूर दाखवा. मनाची समजूत काढणारा माणूस आपल्या समजुतीला अशी अट घालत नाही. आणि त्याच अध्यायात पौल मृत्यूला ‘शेवटला शत्रू’ म्हणतो. मृत्यू हे नैसर्गिक आहे, सुटका आहे, देवाची गोड हाक आहे, असे गुळमुळीत तो बोलत नाही. शत्रूला शत्रू म्हणतो, आणि तो नाहीसा केला जाईल असे सांगतो. म्हणून आईच्या आजाराला वाईट म्हणायला तुम्ही कचरू नका.

ही आशा दिसते कशी, याचे बायबलमधले माझे सर्वांत आवडते उदाहरण यिर्मया संदेष्ट्याचे आहे. आपल्याकडे घराघरांत कॅलेंडरवर यिर्मया एकोणतीसमधले अकरावे वचन असते, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा देण्याचे संकल्प देवाच्या मनात आहेत, असे सांगणारे. त्याच्या लगेच वरच्या, दहाव्या वचनात मात्र सत्तर वर्षांची मुदत दिली आहे, आणि ती कॅलेंडरवर छापत नाहीत. हे पत्र बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिले होते. ज्या प्रौढांनी ते ऐकले त्यांतले बहुतेक परक्या मुलखातच मातीआड होणार होते. तरी त्यांना सांगितले आहे की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा. वचन खरे होते, फक्त ते एका माणसाच्या आयुष्याच्या मापाने कापलेले नव्हते.

पुढे बत्तिसाव्या अध्यायात तर यिर्मया एक व्यवहार करतो. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, शहर पडणार हे ठरल्यासारखे आहे, आणि तसे बोलल्याबद्दल यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथ गावातले माझे शेत तू विकत घे. देव सांगतो, घे. आणि यिर्मया घेतो. बायबल हा व्यवहार तलाठ्याने नोंद करावी इतक्या बारकाईने सांगते: सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहोर केली. एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत आपला लेखक बारूख याच्या हाती दिली आणि सांगितले की ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या जमिनीचे खरेदीखत! त्याने शहर वाचेल असे म्हटले नाही. शहर पडलेच, आणि मंदिर जळाले. पण या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील या देवाच्या शब्दावर त्याने रोख पैसे मोजले. व्यवहार करून घरी निश्चिंत झोपला असेही नाही. लगेच पुढच्या ओळींत तो प्रार्थनेत देवालाच विचारतो की शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चालले आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आशा आणि गोंधळ एकाच माणसात, एकाच दिवशी. यात काही चुकीचे नाही.

आता त्या भगिनींविषयी. त्या रोज येतात, आईजवळ बसतात, यामागे प्रीती आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. पण ‘विश्वास कमी पडला म्हणून आई बरी होत नाही’ हा विचार घरात शिरला असेल तर तो बाहेर काढा. आजारी माणसाच्या छातीवर हा दगड ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा प्रभूकडे विनवणी केली. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढेच उत्तर मिळाले. पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, देवाने त्याच्यावर दया केली असे पौल लिहितो. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला मात्र त्याने मिलेत इथे आजारीच मागे ठेवले, आणि तेही एका वाक्यात, कोणाला दोष न देता लिहून टाकले. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यावर तर त्याने सभा भरवली नाही, थोडा द्राक्षारस घे असा घरगुती उपाय सांगितला. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूने हा प्याला, म्हणजे पुढ्यातले दुःख आणि मरण, माझ्यापासून टळून जावो अशी प्रार्थना केली. प्याला टळला नाही. येशूचा विश्वास कमी पडला असे म्हणायला कोण धजेल?

बरे होण्यासाठी प्रार्थना करायची की नाही, असा प्रश्न यातून तुम्हाला पडेल. अवश्य करा, अगदी शेवटच्या श्वासापर्यंत करा. देव बरे करतो यावर माझा विश्वास आहे आणि डॉक्टरांनी हात टेकल्यानंतर उठलेली माणसे मी पाहिली आहेत. फक्त प्रार्थनेचा सूर दानिएलाच्या पुस्तकातल्या शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांचा असू द्या. धगधगत्या भट्टीसमोर ते राजाला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवले तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. हे ‘नाही सोडवले तरी’ ज्या प्रार्थनेत आहे ती दुबळी नसते. उलट आई गेली तर देवही गेला, असे जिच्यात गुपचूप ठरलेले असते ती प्रार्थना फार धोक्याची. अशा प्रार्थनांनंतर मंडळी सोडून गेलेली मुले-मुली मला ठाऊक आहेत, आणि त्यांना दोष देववत नाही. त्यांना जे शिकवले त्यावर ते प्रामाणिकपणे चालले.

रडण्याविषयीही तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे. आईसमोर रडू नये, विश्वासाची साक्ष बिघडते, असे तुम्हाला कोणी सांगितले. आपला मेलेला मित्र लाजार याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. काही वेळाने त्याला उठवणार हे माहीत असताना रडला. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने लिहिले की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका, असे त्याने लिहिलेले नाही. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे, ते अंधारातच संपते. शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ अशी ओळसुद्धा नाही. ज्या दिवशी स्तुतीचे गीत तोंडातून फुटणार नाही त्या दिवशी ते वाचा. पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे, म्हणजे तुमच्या त्या दिवसालाही आहे.

भावाच्या आक्षेपाकडे परत येतो, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो. पुढच्या जगाची आशा माणसाला या जगात आळशी करते, असा त्याच्या म्हणण्याचा रोख दिसतो. तशी आशा सांगणारे प्रचारक असतात, हे खरे. पण पुनरुत्थानाचा तो पंधरावा अध्याय कसा संपतो ते पाहा: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, म्हणून कामात सदा तत्पर असा. आणि सोळाव्या अध्यायाचे पहिलेच वाक्य यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी आहे. मृत्यूवरच्या विजयाची गर्जना आणि लगेच वर्गणी. पौलाला यात काही विसंगत वाटत नाही.

युर्गेन मोल्टमान या जर्मन ईश्वरविज्ञान्याचे नाव भावाला सांगा. १९४३च्या जुलैत हँबुर्गवर बाँबवर्षाव झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, विमानविरोधी तोफेवर लावलेले. शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला आणि ते वाचले. धार्मिक घरात वाढलेले नव्हते. पुढे ब्रिटिशांच्या ताब्यात युद्धकैदी असताना कोणी हातात बायबल दिले. त्यात, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही येशूची आरोळी वाचली आणि आपल्याला समजून घेणारा कोणी आहे असे त्यांना वाटले. विसाव्या शतकात ख्रिस्ती आशेवर सर्वांत प्रभावी लिखाण याच माणसाने केले. त्यांचे सांगणे असे की, जो ख्रिस्ताच्या ठायी आशा धरतो तो जग जसे आहे तसे निमूट सोसू शकत नाही, त्याची या जगाशी झटापट सुरू होते.

आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. या बाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे केले. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अवघे बायबल सोप्या मराठीत आणायचे काम त्यांनी हाती घेतले. १९२१ साली, ज्या एकुलत्या मुलीच्या हाती पुढचे सगळे सोपवायचे ती मनोरमा वारली. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. मुलगी जाऊ नये ही आईची आशा पुरी झाली नाही. त्यांची ख्रिस्तावरची आशा मात्र कामातून दिसत राहिली. मला रमाबाईंच्या सगळ्या चरित्रात हे शेवटचे वर्ष सर्वांत मोठे वाटते.

आणि तुमच्या घराशी थेट संबंध असलेली गोष्ट. मरणाऱ्या माणसाच्या वेदना शमवण्याचे आजचे शास्त्र ज्या सिसिली साँडर्स यांच्यामुळे उभे राहिले त्या श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. आधी परिचारिका, मग समाजसेविका, शेवटी डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारे घर, सुरू केले. ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ हे वाक्य त्यांना मान्य नव्हते. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले, भारतातले असे पहिले घर. तिथे रुग्ण बरा होण्याच्या अटीवर कोणी सेवा करत नाही. म्हणून ताई, आईला वेदना होत असतील तर डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे वेदना शमवणाऱ्या उपचारांबद्दल, आजच विचारा. मॉर्फीनच्या गोळ्या ठरल्या वेळी, दुखणे वाढायची वाट न पाहता देतात. औषध मागणे म्हणजे विश्वास सोडणे, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला प्रार्थनाही करता येत नाही, हे मी फार जवळून पाहिले आहे.

मेल्यानंतरचे काय, हे तुम्ही विचारले नाही, पण ते सांगितल्याशिवाय उत्तर अपुरे राहील. आपण सहज म्हणतो, आत्मा स्वर्गात गेला, सुटला. ख्रिस्ती आशा त्यापेक्षा मोठी आहे. ती शरीरापासून सुटकेची आशा नाही आणि दुसऱ्या जन्माचीही नाही. मतांगिकारात, म्हणजे उपासनेतल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचे म्हणतो. उठलेल्या येशूने शिष्यांना हातापायांच्या खुणा दाखवल्या, आणि त्यांना भूत वाटू नये म्हणून त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. जखमा पुसल्या गेल्या नाहीत, त्या ओळखीची खूण झाल्या. तेव्हा तुमची आई, तीच आई, तिच्या आवाजासकट आणि हातांसकट देवाला हवी आहे. मधल्या काळात ती ख्रिस्ताजवळ आहे, आणि शेवट म्हणजे नवे आकाश व नवी पृथ्वी. हे कसे होईल ते मी सांगू शकत नाही. कोणाच्या शब्दावर हे मानतो, एवढे सांगू शकतो.

हा विश्वास खाटेवरच्या माणसाला काय करायला लावतो, ते एकदा पाहिले. एक म्हातारे शेतकरी, आमच्याच मंडळीतले, शेवटच्या दिवसांत होते. सख्ख्या भावाशी बांधावरून वाद, कित्येक वर्षांचा अबोला. त्यांनी मला सांगितले, भाऊला बोलवा. तो आला, दारातच उभा राहिला. म्हातारे म्हणाले, “तिकडं तोंड दाखवायचंच हाये एकमेकाला, मग हितं कशाला लपवायचं? बांध तुझा धर.” मुलाला डोळ्यांनी खूण केली, त्याने मोजणीचा कागद काढून काकाच्या हातात दिला. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, आम्ही त्यानंतर घेतले, भाऊही बसला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आईने ‘मी बरी होईन का?’ असे विचारले तर आधी तिला विचारा, “तुला काय वाटतं, आई?” बहुतेक आजाऱ्यांना सगळे कळलेले असते, घरच्यांना सोसेल का हे ते चाचपत असतात. ती ‘नाही वाटत’ म्हणाली तर तिला खोडू नका. “डॉक्टरांनाही तसंच वाटतं. आम्ही देवाजवळ मागतोच आहोत. काही झालं तरी मी इथंच आहे, आणि तुला दुखू देणार नाही,” एवढे पुरे. ती ‘होईन’ म्हणाली तर वाद घालू नका, हात हातात धरा आणि उद्या पुन्हा बसा. त्या भगिनींना सांगा की येत जा, पण गाणी आईच्या आवडीची म्हणा आणि प्रार्थना लहान करा. पाळकांना प्रभुभोजन घेऊन घरी बोलवा, आई शुद्धीवर आहे तोवर. भावाला प्रार्थनेला बसायचा आग्रह करू नका, रात्रीची पाळी द्या.

एकदा हे बोलणे मोकळे झाले की आई तुम्हाला बऱ्याच गोष्टी विचारील. त्या बहुधा स्वर्गाच्या नसतात. धाकटीच्या लग्नाचे कुठवर आले, सोसायटीचे हप्ते कोण भरतो, माझी लुगडी कोणाला देणार, असल्या असतात. त्यांची खरी उत्तरे तिला द्या.